थर्मल शॉक टेस्टमध्ये सोल्डरला तडे जातायत, मदत हवी आहे

दुचाकीत इंजिनजवळ बसणारा छोटा कंट्रोलर आहे, एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीचा) बोर्ड आणि एसएसी३०५ (शिसं नसलेलं) सोल्डर. टेस्ट आयईसी ६००६८-२-१४ या मानकातली एनए, म्हणजे तापमान झटक्यात बदलायची, दोन कप्प्यांचा चेंबर, उणे ४० ते १२५ अंश, बास्केट १० सेकंदांत पलीकडे जाते, दोन्हीकडे ३० मिनिटं. कस्टमरला १००० सायकल हव्यात आणि आमचे ३०० लाच २५१२ साइझच्या (साधारण ६.३ × ३.२ मिमी) रेझिस्टरखाली तडे, ०६०३ वाले (१.६ × ०.८ मिमी) मात्र ठणठणीत. रेझिस्टरचं सिरॅमिक अंशाला साधारण ७ पीपीएम (दहा लाखांत ७ भाग) प्रसरण पावतं, बोर्ड १५-१६, म्हणजे मोठ्या पार्टवर ताण जास्त येणारच, ते कळतंय.

रिफ्लो प्रोफाइल (सोल्डर वितळवतानाचा तापमानाचा आलेख) तपासलं, एक्स-रेमध्ये व्हॉइड (सोल्डरमधल्या पोकळ्या) फारसे नाहीत, सेक्शन कापून बघितलं तर तडा सोल्डरमधूनच जातोय, पॅड (बोर्डावरचा तांब्याचा तुकडा) सुटलेला नाही. बोर्डावर थर्मोकपल लावलंय, १० मिनिटांत तापमानाला पोचतो. बोर्डावर संरक्षक कोटिंग न लावताही तेच.

केसिंगचा डाय (साचा) बनून झालाय, त्यामुळे बोर्डाचा आकार बदलता येत नाही, लेआउट बदलता येईल. रेझिस्टरवर जेमतेम अर्धा वॅट पडतो. तर २५१२ काढून चार १२०६ पॅरलल लावावेत, की लांब बाजूला टर्मिनल असलेला १२२५ घ्यावा, यातलं कुणी प्रत्यक्ष १००० सायकलपर्यंत नेलंय का?