दिवाळीत वेरूळ-अजिंठा: 4 आणि 7 वर्षांच्या मुलांना दिवसभर चालायची सवय कशी लावावी?

कृष्णाकाठची

नमस्कार. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. भाऊबीज झाली की संभाजीनगरला जायचं ठरतंय. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, घृष्णेश्वर, जमलं तर बीबी का मकबरा. सोबत 4 वर्षांची मुलगी, 7 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई रोज सकाळी फिरायला जातात, त्यांची काळजी नाही. प्रश्न मुलांचा आहे. शाळेला व्हॅन, क्लासला स्कूटी, राजवाड्यावर भेळ खायला जायचं तरी स्कूटीच. घरात दोघं दिवसभर उड्या मारतात, पण रस्त्याला लागलं की दहा मिनिटांत धाकटीचे हात वर होतात, "आई, कडेवर." अजिंठ्याच्या पायऱ्या तिला कडेवर घेऊन चढणं मला जमायचं नाही, आणि नवऱ्याची पाठ दुखरी आहे.

हातात दीडेक महिना आहे. एवढ्यात सवय लागेल का? बूट घ्यावेत की सँडल? बाबागाडी न्यावी, की पाठीवर अडकवायची कॅरियर? आणि लहान मुलं घेऊन तिकडे जाऊन आलेल्यांनी सांगा, यातलं काय वगळू? थोरला यंदा दिवाळीत दारात दौलताबादचा किल्ला करणार आहे आणि मग त्याला खराही बघायचाय, त्यामुळे ते एक वगळता येणार नाही.

गडवाट

दीड महिना भरपूर आहे, ताई. धाकटीच्या पायात ताकद आहेच, घरात दिवसभर उड्या मारणारं मूल अशक्त नसतं. तिला सवय नाही ती रस्त्याची. खेळताना मूल धावतं, बसतं, लोळतं, परत धावतं. रस्त्यावर आपण त्याचा हात धरून आपल्या चालीनं एका दिशेला नेत राहतो, आणि तिथं पाय दुखायच्या आधी जीव कंटाळतो. म्हणून आधी किलोमीटर मोजायच्या मागे लागू नका. पहिले दहा-बारा दिवस घरचं एक काम रोज पायी करा. दूध, भाजी, देऊळ, काहीही. "आज चालायची प्रॅक्टिस" असं मुलांना सांगू नका. कोथिंबीर आणायला निघायचं, पिशवी धाकटीच्या हातात द्यायची. काम तिचं झालं की पाय चालतात, हे मी घरात बघितलंय.

त्यानंतर चढ. आपल्या गावाला याची काय कमी? संध्याकाळी टेकडीवरच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत जा. वर बसून खाली सगळं सातारा दिसतं, आपलं घर कुठं, शाळा कुठं हे शोधण्यात मुलांचा अर्धा तास सहज जातो. ते जमलं की रविवारी अजिंक्यतारा. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्या रस्त्यानंच जा, सप्टेंबरात पायवाटा आणि दगड निसरडे असतात. मुलांना "गडावर जायचंय" एवढंच सांगून भागत नाही, गड त्यांना लांब वाटतो. पुढचं वळण, मग दरवाजा, मग मंगळाईचं देऊळ, मग शहरातून रोज दिसतो तो टॉवर, असे टप्पे द्या. उतरताना कुणी घ्यायला आलं तरी चालेल, सुरुवातीला चढणं महत्त्वाचं.

आता मुख्य गोष्ट. सहलीत पहिला दिवस मुलं उत्साहात काढतात. अडतं ते दोन ठिकाणी: जेवणानंतर पुन्हा चालायला लागतं तेव्हा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून सराव एकदाच मोठा करण्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ करा, आणि त्यातल्या एका दिवशी दुपारच्या जेवणानंतरही बाहेर पडा. यासाठी सज्जनगड उत्तम. गाडीतळापासून पायऱ्या, वाटेत दरवाजे, समाधीचं दर्शन, रांगेत थांबणं, दुपारी पंगतीला बसून प्रसाद, मग पायऱ्या उतरणं. वेरूळचा दिवस साधारण असाच असतो, चढ-उतार आणि थांबणं मिसळलेलं. गड उतरल्यावर पुढं ठोसेघरचा धबधबा घ्या, म्हणजे जेवणानंतरचं चालणं आपोआप होतं.

सपाट लांब चालण्यासाठी कासचं पठार. फुलांचा हंगाम चालू आहे, कुमुदिनी तळ्याकडे जाणाऱ्या राजमार्गावर मुलांना मोकळं चालू द्या. (फुलं तोडायची नाहीत हेही तिथंच शिकतात.)

सरावाला जाताना सहलीचे बूट, सहलीची टोपी, मुलाची स्वतःची पाण्याची बाटली, सगळं तेच वापरा. तिकडे गेल्यावर काही नवीन नको.

पाऊलठसा

मी बालरुग्णांसाठी काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे, कराडला असते. पायांपुरतं लिहिते.

बूट आजच घ्या. दिवाळीचे नवे कपडे आणि नवे बूट घालून मुलं सहलीला येतात, आणि पहिल्याच दिवशी बूट चावतो. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभराच्या हालचालीनं पाऊल थोडं फुगलेलं असतं. मोजे घालून, उभं करून बघा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढं तुमच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. टाच घट्ट, पंजा मोकळा. "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून मोठं माप घेऊ नका, उतरताना पाय पुढं सरकतो आणि नखं दुखावतात. तळवा बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध वाकत असेल तर तो बूट ठेवा परत.

अजिंठ्याला रंगीत चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. म्हणून लेस नको, वेल्क्रोचा बूट किंवा टाच आणि बोटं झाकणारी सँडल घ्या, जी धाकटी स्वतः काढू-घालू शकेल. जास्तीचे मोजे पिशवीत ठेवा. घामानं ओल्या झालेल्या मोज्यातच फोड येतो, जेवणाच्या वेळी मोजे बदलले तर निम्मा त्रास टळतो. मुलानं "इथं चुरचुरतंय" म्हटलं की तिथंच थांबून मायक्रोपोर पट्टी लावा, "हॉटेलवर बघू" नको. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापा.

रात्री पाय दुखतात म्हणून मुलं रडतात, त्यानं घाबरू नका. दोन्ही पायांच्या पोटऱ्या किंवा मांड्या दुखणं, चोळल्यावर बरं वाटणं आणि सकाळी मूल पुन्हा उड्या मारणं, हे या वयात नेहमीचं आहे. कोमट तेलानं हलक्या हातानं चोळा. पण दुखणं एकाच पायात असेल, सांधा सुजला असेल, ताप असेल किंवा सकाळी मूल लंगडत असेल, तर चालणं बंद आणि डॉक्टरांना दाखवणं.

सरावाची भीती बाळगू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात 3-4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली 60 मिनिटं चांगली धाप लागेल अशी. झोपही 10 ते 13 तास सांगितली आहे. सहलीत आपण नेमकी झोपच कापतो, आणि मग मूल चालत नाही म्हणतो.

मिरजमार्गे

वर चांगलं लिहिलंय, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मुलांइतकाच तुमचा कार्यक्रमही तयार करावा लागेल. आम्ही सांगलीहून याच वयाची मुलं घेऊन गेलो होतो. सरावानं मूल दुप्पट चालेल, पण चार ठिकाणं दोन दिवसांत बसवलीत तर कुठलाच सराव पुरणार नाही.

वेरूळला 34 लेणी आहेत आणि ती जवळजवळ दोन किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेली आहेत. सगळी बघायचा हट्ट नको. सकाळी लवकर पोचा आणि 16 व्या, म्हणजे कैलास लेण्यापासून सुरुवात करा. मुलं ताजी असतात. मुख्य मंदिराच्या पायाशी हत्तींची अख्खी रांग कोरलेली आहे, जणू मंदिर त्यांनीच पाठीवर घेतलंय. "किती हत्ती आहेत?" एवढं विचारा आणि मुलांच्या मागं चाला. आमच्या मुलानं प्रत्येक हत्तीसमोर उभं राहून त्याची सोंड शाबूत आहे की तुटली ते मोठ्यानं सांगितलं. मंदिराला पूर्ण प्रदक्षिणा झाली, आणि कुणी "चल" म्हटलं नाही. त्यानंतर 10 वं लेणं दाखवा. आत लाकडी वाशांसारखं दगडी छत आहे आणि आवाज घुमतो. तेवढं पुरे. जैन लेणी, 30 ते 34, उत्तरेला बरीच पलीकडे आहेत. सासूबाईंना बघायची असतील तर एकानं त्यांच्यासोबत जावं, दुसऱ्यानं मुलांना घेऊन सावलीत बसावं.

दौलताबाद वगळू नका, पण अर्धा करा. चाँद मिनार, भारतमाता मंदिर आणि वर मेंढा तोफ. खंदक आणि त्यावरचा पूल दिसला की थोरल्याला तो आपल्या किल्ल्याशी ताडून बघता येईल. पुढं अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी मार्ग आहे, तिथं वटवाघळं असतात, पायऱ्या उंच आणि असमान. 4 वर्षांच्या मुलीला तिथं नेऊ नका. थोरला आणि बाबा टॉर्च घेऊन जाऊन येतील.

बाबागाडी घरी ठेवा. अजिंठ्याला पायऱ्याच पायऱ्या, तिथं ती उचलायचं ओझंच होतं. दुखऱ्या पाठीवर कॅरियरही नको, या वयाचं मूल साधारण पंधरा-सोळा किलोचं असतं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून भाजी पायी सुरू केली. पिशवी धाकटीकडे, आणि ती खरंच शेवटपर्यंत चालली, फक्त प्रत्येक गाईपाशी थांबली. पण बाबागाडी नाही, कॅरियर नाही, तर ती कडेवर मागेल तेव्हा काय करायचं?

कोरेगावचे_आजोबा

ताई, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे, वर्गच्या वर्ग घेऊन सहलीला गेलोय. एक सांगतो. मूल रडल्यावर उचलू नका, रडायच्या आधी बसवा. वीस-पंचवीस मिनिटं चाललं की कुणी मागितलं नसलं तरी बसायचं. दोन घोट पाणी, चार दाणे, राजगिऱ्याची वडी. मग उठायचं. बसणं ठरलेलं आहे हे मुलाला कळलं की ते कडेवर मागत नाही. आणि गाईपाशी थांबते तर थांबू द्या, तेवढा वेळ हिशेबात धरून निघा.

मोठ्यांनी पुढं चालत "लवकर या" म्हणायचं नाही. सगळ्यात लहान पावलं सगळ्यात पुढं. बाकीच्यांनी मागून यायचं. तुमच्या सासूबाई आणि नात यांची जोडी लावा. गोष्ट सांगत चालणारी आजी सोबत असली की नात चालते. गोष्ट मात्र बसल्यावर संपवायची नाही, उठून चालायला लागल्यावर पुढं न्यायची.

दोघांना छोटी पाठपिशवी द्या. त्यात टोपी, रुमाल, खाऊ, बस्स. जड काही नको.

पाऊलठसा

आजोबांशी शंभर टक्के सहमत. पाण्याचं एक राहिलं. तहान लागेपर्यंत थांबू नका, खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही. ताक, लिंबूपाणी चालेल. ओआरएस जवळ असू द्या, पण पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच अख्खं पाकीट विरघळवा, पेल्यात अंदाजानं चिमूट टाकायची नाही. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. लेण्यांच्या परिसरात दिसेल त्या स्वच्छतागृहात मुलांना आधीच नेऊन आणा.

कृष्णाकाठची

रविवारी सज्जनगड ठरला. आता कार्यक्रम असा: रविवारी संध्याकाळी पोचायचं, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ आणि घृष्णेश्वर, बुधवारी सकाळी दौलताबाद करून परत. मकबरा सोडला. बरोबर वाटतंय का?

मिरजमार्गे

वार उलटे करा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. सोमवारी वेरूळ-घृष्णेश्वर, मंगळवारी अजिंठा ठेवा. हे तसंही बरं, कारण अजिंठा शहरापासून शंभरेक किलोमीटर आहे, आदल्या दिवशी दमलेली मुलं गाडीत झोपतील. गाडी खाली लावून तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं, मग पायऱ्या. सासूबाईंना पायऱ्या जड वाटल्या तर डोलीवाले मिळतात, भाव आधी ठरवून घ्या. मुलांना 1, 2, 17 आणि शेवटी 26 दाखवा. 26 मध्ये आडवा झोपलेला प्रचंड मोठा बुद्ध आहे. "झोपलेला बुद्ध शोधायचाय" एवढं सकाळीच सांगून ठेवा, तो अगदी टोकाला आहे, तोवर मुलं चालतात. मधल्या लेण्यांसमोर बसायला जागा आहेत, खाली वाघूर नदीची दरी दिसते. आत चित्रं खराब होऊ नयेत म्हणून उजेड मंद ठेवलेला असतो, धाकटीला अंधाराची भीती असेल तर आधी बोलून ठेवा.

गडवाट

अंधाराचा सराव इथंच होईल. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर दाखवून आणा, 1719 ते 1724 मध्ये बांधलेली. दगडी पायऱ्या उतरून आत, कमानीखालून, मग वर महालात. मुलाला हात धरून खाली न्या, वर येताना त्याला पुढं घाला. कठड्यापाशी मात्र हात सोडू नका.

कृष्णाकाठची

वार बदलले, हॉटेलला फोन झाला. लिंब पुढच्या शनिवारी, लगेच रविवारी अजिंक्यतारा. वेल्क्रोचे बूट आणलेत, दोघंही घरातसुद्धा घालून फिरतायत.

पाऊलठसा

फिरू द्या, पण मोजे घालून.