फोन सुटायला टेकडी पुरेशी आहे का?

टेकडीकर (धागाकर्ता):
फोनवर वेळेची मर्यादा लावणे किंवा ॲप काढून टाकणे हे उपाय फार दिवस टिकत नाहीत, असे माझे मत आहे; कारण मोकळ्या झालेल्या वेळात करायचे काय, याचे उत्तर त्यांत नसते आणि हात पुन्हा खिशाकडे जातो. त्याऐवजी पहाटे पुण्यातली वेताळ टेकडी चढावी, टिळक तलावावर पोहायला जावे, नाहीतर गणपतीआधी ढोल-पथकाच्या सरावाला उभे राहावे. कमरेला ढोल आणि हातात टिपरू असताना रील पाहता येत नाही.

पेठकर:
असहमत. टेकडीवरच्या खाणीपाशी रविवारी सकाळी जाऊन पाहा. चढ संपला की दम खाण्याआधी फोन बाहेर निघतो आणि चाललेली पावले स्टेटसवर चढतात. दोष लोकांच्या आळसात नाही. संगणकाच्या पडद्यांची रचना करणारे अझा रास्किन यांनी २००६ मध्ये अखंड स्क्रोलची रचना केली आणि पान संपल्यावर थांबण्याची जागाच नाहीशी झाली. अशा रचनेशी झुंजायला पायांचे बळ कामाचे नाही.

हिंजवडी-वारी:
प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि तेवढी मी करतेही. तरीही वाहतुकीतून घरी पोहोचून, जेवण आटोपून अंथरुणावर पडल्यावर जो तास फोनवर जातो, तो जातोच. त्या वेळी कोणती टेकडी उघडी असते, हे टेकडीकरांनी कृपया सांगावे.

टेकडीकर:
रात्रीचा मुद्दा मान्य आहे. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावण्यापलीकडे माझ्याकडे त्यावर उत्तर नाही. मात्र माझा भर व्यायामापेक्षा सोबतीवर आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि गाव दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवते. एकट्याचा निश्चय ढळतो. सगळी आळी सामील असली की लाजेकाजेस्तव तरी पाळला जातो. सरावाला दांडी मारली तर पथकातही विचारणारे कोणीतरी असते.

पेठकर:
वडगावचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे झाले. तिथे आधी फोन बंद होतो आणि मग मुले अभ्यासाला बसतात; धावायला कोणी जात नाही. शिवाय पथकाचा सराव विसर्जनाबरोबर संपतो. पुढच्या दहा महिन्यांचे काय?