इंजिन घरी बदलावे की गॅरेजमध्ये? (गोटीपाना, कोबा आणि आरसीबुक ही टोपणनावे घेतलेल्या तिघांचा वाद)

गोटीपाना: कार्बोरेटरच्या मारुती ८०० मध्ये तेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन बसवायचे असेल, तर गोटी पान्यांचा (सॉकेट स्पॅनरचा) संच, जॅक, उचललेली गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणि इंजिन उचलायला भाड्याची चेन कुप्पी (साखळीची कप्पी) एवढ्यावर ते काम घरच्या अंगणात होऊ शकते, असे माझे स्पष्ट मत आहे. या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच. प्रत्येक वायरला आणि पाइपला काढण्यापूर्वी चिठ्ठी लावली की जोडताना घोटाळा होत नाही. गॅरेजमध्ये आपल्या माघारी काय बसवले जाते ते कळत नाही, म्हणून माझा हा आग्रह आहे.

कोबा: पान्यांबद्दल वाद नाही, पण कुप्पी टांगणार कशाला? पोर्चचा अँगल पत्र्याचे वजन पेलण्यापुरता असतो, आणि लोंबत्या इंजिनाखाली हात घालून माउंटिंगचा (इंजिन गाडीला धरून ठेवणारा) बोल्ट चाचपणारा माणूस त्याच अँगलच्या भरवशावर असतो. शिवाय इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामधली क्लच प्लेट मध्यावर नसेल तर गिअर बॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. नवखा माणूस मग बोल्ट आवळून ती फट मिटवू पाहतो आणि गिअर बॉक्सचे ॲल्युमिनियमचे घर (बाहेरचे कवच) तडकते. हे काम घरी करूच नये.

गोटीपाना: अँगलचा आक्षेप मान्य आहे, चाकांची इंजिन क्रेन भाड्याने आणावी. क्लचचा मात्र मान्य नाही. अलाइनमेंटचा दांडा घालून प्लेट मध्यावर आणायची, मगच तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळायची, आणि इंजिन हलके हलवत इंजिन आणि गिअर बॉक्सची घरे एकमेकांना टेकेपर्यंत बोल्टवर जोर द्यायचा नाही. यासाठी संयम लागतो, गॅरेज नव्हे.

आरसीबुक: दोघेही कागदपत्रे विसरलात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, परवानगी न घेता इंजिन बदलले असल्यास १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणीत बदल करून घ्यावा लागतो. नियमबाह्य बदलाला कलम १८२अ नुसार ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. भंगारातले इंजिन पावतीशिवाय घेतले, तर ते चोरीच्या गाडीचे नाही हे कशाने दाखवणार?

कोबा: पावतीचा मुद्दा गॅरेजलाही तितकाच लागू आहे. क्रेनबद्दल एवढेच सांगतो की भार घेतल्यावर तिची चाके मातीत रुततात आणि ती कलते, त्यामुळे अंगणात सपाट, पक्का कोबा नसेल, तर माझा नकार कायम आहे.