योगसमूहात सामील होण्यापूर्वी कोणती खातरजमा करावी?

पहाटवारा:
नमस्कार. गेली चार वर्षे मी घरीच आसनांचा सराव करते आहे. आता एका योगसमूहात सामील व्हावे असे मनात आहे. तेथे रोजचे वर्ग होतात, अधूनमधून निवासी शिबिरे असतात आणि पुढे इच्छा असल्यास शिक्षक-प्रशिक्षणही घेता येते. माझी १६ वर्षांची मुलगीही माझ्याबरोबर येणार म्हणते.

तरीही पाऊल अडते, आणि त्याला कारण आहे. पूर्वी एका वर्गात मी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकलेली असताना शिक्षकांनी न विचारता माझ्या पाठीवर दोन्ही हातांनी भार दिला. त्याच क्षणी बैठकीच्या हाडाशी जोराची कळ आली आणि पुढे आठ महिने मला सलग बसणे कठीण झाले. मी तक्रार केली तेव्हा शरीर मोकळे होताना दुखतेच, असे मला सांगण्यात आले. बाकीचे साधक ऐकत होते, पण कोणी एक शब्द बोलले नाही, आणि त्याचे मला दुखण्याहून अधिक वाईट वाटले. समूह विद्यार्थ्यांची खरोखर काळजी घेतो की नाही, हे आत शिरण्यापूर्वी कसे ओळखावे?

मेरुदंड:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, परंतु वर्णनावरून ही दुखापत मांडीच्या मागचे स्नायू ज्या कंडरेने बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात तिची असावी. तेथील इजा फार सावकाश भरून येते आणि ती मोकळी करण्यासाठी आणखी ताण दिला तर उलट चिघळते. ताण स्नायूच्या मधल्या भागात जाणवत असेल तर सहसा काळजीचे कारण नसते. सांध्याशी किंवा हाडाशी टोचू लागले, मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला, तर आसन तेथेच सोडावे.

पहिल्या दिवशी तुमच्या प्रकृतीची चौकशी होते का, हे पाहा. शीर्षासनात डोळ्यांतील दाब साधारण दुप्पट होतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्यांसाठी ते धोक्याचे आहे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी जोर लावून पुढे वाकल्यास मणका दबून मोडू शकतो. गर्भारपणात, हर्निया असताना किंवा रक्तदाब आटोक्यात नसताना कपालभाती टाळावी. यांपैकी काहीही न विचारता सर्वांना एकदम शीर्षासन करायला लावणारा वर्ग, शिक्षक कितीही नावाजलेले असले तरी, आपला नव्हे.

समस्थिती:
मी पंधरा वर्षे वर्ग घेते आहे आणि आरंभीच्या काही वर्षांत मीही न विचारता विद्यार्थ्यांना हात लावत असे, कारण मला तसेच शिकवले गेले होते. एकदा शवासनात पडलेल्या एका विद्यार्थिनीचे खांदे मी हलकेच खाली दाबले आणि ती दचकून उठून बसली. डोळे मिटलेले, शरीर सैल सोडलेले, अशा वेळी कोणाचा तरी हात अंगावर येणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले. आता मी प्रत्येकाला वर्गाच्या आरंभी एक चकती देते; तिची एक बाजू 'हात लावला तरी चालेल' असे सांगते आणि दुसरी 'नको' असे. सराव चालू असताना ती कधीही उलटता येते. सर्वांसमोर तोंडाने नकार देणे अनेकांना जड जाते, म्हणून ही सोय.

प्रमाणपत्राविषयीही विचारा, मात्र त्यावर विसंबू नका. २०० तासांचे प्रशिक्षण हा आरंभ आहे, आणि योगशिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या, १९९९ मध्ये स्थापन झालेल्या योगा अलायन्स या अमेरिकी संस्थेकडील नोंदणी ऐच्छिक असते, तिला परवाना समजू नये. घाई करणाऱ्या शिक्षकांबद्दल मी अधिक सावध राहीन. सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळूच वश होतात तसाच प्राणही, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असा इशारा हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथात दिलेला आहे. परंपरेचे नाव घेऊन विद्यार्थ्याला ढकलणाऱ्यांनी हा श्लोक पुन्हा वाचावा.

परतलेला:
मी एका निवासी समूहात सहा वर्षे राहिलो आहे, म्हणून वेगळ्या हानीविषयी लिहितो. अमेरिकेतील कृपालू या योगकेंद्राचे संस्थापक अमृत देसाई शिष्यांना ब्रह्मचर्याचा उपदेश करत असत. शिष्यांशी असलेले त्यांचे संबंध उघड झाल्यावर १९९४ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. अष्टांग विन्यास या आसनपद्धतीचे गुरू पट्टाभि जोइस यांनी आसन सुधारण्याच्या निमित्ताने अनुचित स्पर्श केल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले, आणि त्यांच्या नातवाने २०१९ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, याबद्दल जाहीर क्षमा मागितली. दोन्ही ठिकाणी साधना करणारी माणसे प्रामाणिक होती. आमच्याकडेही ती तशीच होती. तक्रार करणाऱ्याचाच अहंकार आड येतो आहे, असे मानण्याची सवय मात्र आम्हा सर्वांना लागली होती, आणि त्या गप्प बसणाऱ्यांत मीही होतो. याची खंत मला आजही आहे.

म्हणून एकच प्रश्न अवश्य विचारा: मुख्य शिक्षकांविरुद्धच तक्रार असेल तर ती कोणाकडे करायची? ते नाव त्यांच्या शिष्याचे किंवा नातलगाचे असेल, तर मार्ग नाहीच असे समजा. जे समूह सोडून गेले, त्यांच्याविषयी तेथे कसे बोलले जाते हेही ऐका, आणि शक्य असेल तर त्यांच्यापैकी एखाद्याला भेटा. मुलगी अल्पवयीन आहे, त्यामुळे तिला शिक्षकांबरोबर एकटीने बंद दाराआड बसवले जाणार नाही, तिच्याशी खासगी संदेशांची देवाणघेवाण होणार नाही आणि शिबिरात तिची झोपण्याची सोय तुमच्याजवळच असेल, एवढे लेखी घ्या.

पहाटवारा:
सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन हे प्रश्न विचारले. प्रकृतीची चौकशी लेखी होते आणि स्पर्शापूर्वी विचारले जाते, असे सांगण्यात आले; मी पाहिलेल्या वर्गात तसेच घडलेही. तक्रारीच्या प्रश्नावर मात्र संचालिका थोडा वेळ थांबल्या आणि अशी व्यवस्था अद्याप नाही, हे त्यांनी सरळ मान्य केले. समूहाबाहेरील एका व्यक्तीकडे हे काम सोपवून ते लेखी कळवतो, असे त्या म्हणाल्या. तोपर्यंत मी फक्त सकाळच्या वर्गाला जाईन. शिबिराचा आणि मुलीच्या प्रवेशाचा निर्णय ते पत्र हातात आल्यावर घेईन.

समस्थिती:
योग्य केलेत. पहिल्याच वर्गात त्या जुन्या दुखापतीविषयी शिक्षकांना सांगा, आणि पुढे वाकताना गुडघे थोडे दुमडून ठेवा.