गप्प बसणाऱ्या समालोचकाचं एवढं कौतुक का?

पायरीवरचा प्रेक्षक (धागाकर्ता)

परवा आयपीएलची अख्खी मॅच आवाज बंद करून पाहिली. षटकार गेला की तिघं जण एकदम किंचाळतात. चेंडू कुठे गेला ते आपल्याला दिसत असतंच, तरीही तेच ओरडून सांगतात. तेव्हा बेसबॉलचा विन स्कली आठवला. 1950 साली तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स या संघाचं धावतं समालोचन करू लागला. 1958 ला संघ लॉस एंजेलिसला गेला, त्याच्याबरोबर हाही गेला आणि 2016 ला थांबला. एका संघासोबत 67 हंगाम! डॉजर्सच्या सामन्यांत बहुतेकदा माइकपाशी एकटाच असे. स्वतःच्या संघाला 'आपण' म्हणायचं नाही, हा त्याचा गुरू रेड बार्बरचा धडा त्याने शेवटपर्यंत पाळला.

8 एप्रिल 1974, अटलांटा. हँक आरनने 715वा होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारून बेब रूथचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला, तोही डॉजर्सच्याच पिचरला, म्हणजे गोलंदाजाला. स्कलीने चेंडू गेल्याचं सांगितलं, हेडफोन काढले आणि तो समालोचनाच्या खोलीच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बराच वेळ श्रोत्यांना फक्त गर्दी ऐकू येत होती. परत आल्यावर पहिल्या काही वाक्यांतच म्हणाला की, अमेरिकेच्या खोल दक्षिणेत एका कृष्णवर्णीय माणसासाठी लोक उठून टाळ्या वाजवताहेत.

माझं मत सरळ आहे. कधी गप्प बसायचं हे ज्याला कळतं, तोच समालोचक. बाकीचे नुसते बोलके.

ट्रान्झिस्टर

साफ असहमत. गप्प बसणं ही टीव्हीवाल्यांची चैन आहे. लोक ज्या क्लिपवर फिदा असतात ती 1988 च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेची. दोन्ही पाय दुखावलेला डॉजर्सचा कर्क गिब्सन लंगडत येतो, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन बाद, आणि समोरच्या संघाचा पिचर एकर्सली याला होमरन मारून सामना जिंकून देतो. स्कली मिनिटभर गप्प. बरोबर आहे, कारण कॅमेरा गिब्सनवर होता! त्याच रात्री रेडिओवर जॅक बक होता. 'मी आत्ता जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसत नाही' असं तो ओरडला आणि तेही तितकंच गाजलं. रेडिओवर समालोचक गप्प बसला तर घरी माणूस सेल संपले का बघायला उठेल.

आणि एक. त्या रात्री स्कली एकटा नव्हता, शेजारी जो गाराजोला होता. तोही गप्प बसलाच की. त्याचं नाव कोणी घेत नाही.

दीड तास ट्रॅफिक

मी लॉस एंजेलिसजवळ राहते. या शहरात स्कली एवढा का रुजला ते सांगते. सुरुवातीची चार वर्षं डॉजर्स कोलिझियममध्ये खेळत. ते स्टेडियम बेसबॉलसाठी बांधलेलंच नव्हतं, लांबच्या सीटवरून खेळाडू मुंगीएवढे. त्यामुळे लोक तिकीट काढून आत जायचे आणि तरीही कानाला ट्रान्झिस्टर लावून बसायचे. एकदा, 1960 मध्ये, अंपायर फ्रँक सेकोरीचा वाढदिवस होता. स्कली म्हणाला, मी एक-दोन-तीन म्हणतो, तुम्ही ओरडा. सगळं स्टेडियम 'हॅपी बर्थडे, फ्रँक' असं ओरडलं. अंपायर बिचारा दचकला!

आमच्या वाट्याला त्याची शेवटची वर्षं आली, तीही अर्धीच. 2014 पासून डॉजर्सचं चॅनेल आमच्या केबलवाल्याने घेतलंच नाही. रेडिओवर स्कली पहिल्या तीन इनिंगपुरता असे. ऑफिसातून निघून फ्रीवेवर अडकले की तेवढाच ऐकू यायचा. घराच्या वळणाशी आवाज बदलायचा. कितीदा तरी वाटलं, आज ट्रॅफिक जरा कमीच पडलं.

तिरका चेंडू

भावना पोचल्या, पण हे सगळं स्मरणरंजन आहे. एकाच माणसाला 67 हंगाम खुर्ची दिली, तर त्या काळात किती जणांना संधीच मिळाली नसेल? आणि 'शहराचा आवाज' म्हणे. त्याच शहरात हाइमे हारिन 1959 पासून 2022 पर्यंत स्पॅनिशमधून डॉजर्सचं समालोचन करत होता. इक्वेडोरहून आलेला, अमेरिकेत येईपर्यंत त्याने बेसबॉल पाहिलेला नव्हता. पहिली काही वर्षं बाहेरगावच्या सामन्यांना त्याला पाठवत नसत. स्टुडिओत बसून तो इंग्रजी समालोचन ऐकायचा आणि लगोलग स्पॅनिशमध्ये सामना उभा करायचा. ही कसरत जास्त अवघड, की खोलीत मागे जाऊन उभं राहणं?

अवांतर: आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलेल्यांना खेळ आपल्या भाषेत येतो तेव्हा काय होतं ते सांगायला नको.

पायरीवरचा प्रेक्षक

@तिरका चेंडू, हारिनबद्दल शंभर टक्के मान्य. अर्थात तो कानात ऐकत होता ते डॉजर्सचंच इंग्रजी समालोचन, हेही लिहा की.

@ट्रान्झिस्टर, सेलचा मुद्दा भारी, पण 9 सप्टेंबर 1965 ऐका. सँडी कूफॅक्सचा परफेक्ट गेम, म्हणजे शिकागो कब्जचे 27 च्या 27 बॅटर पहिल्या बेसवरही न पोचता बाद. हा रेडिओ आहे, चित्र नाही. नवव्या इनिंगमध्ये स्कली मधूनमधून घड्याळातली वेळ सांगतो, कारण ही टेप कूफॅक्सला आठवण म्हणून राहावी असं त्याच्या मनात होतं. शेवटचा बॅटर बाद झाल्यावर तो अर्धा मिनिट एक शब्द बोलत नाही. मग म्हणतो, स्कोअरबोर्डवर रात्रीचे 9:46 झालेत.

लहानपणी तो घरातल्या मोठ्या चार पायांच्या रेडिओखाली उशी घेऊन पडायचा. कोण खेळतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं, वरून अंगावर येणारा गर्दीचा आवाज हवा असायचा. हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय.

ट्रान्झिस्टर

ऐकली. टीव्ही नाही, मोबाइल टेबलावर पालथा ठेवून. तो अर्धा मिनिट आला तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, 'एवढी कसली गर्दी झालीय?' मी हातानेच 'थांब' म्हटलं.

रेडिओपुरतं मागे घेतो. गाराजोलाचं मात्र सोडणार नाही.