मदत हवी आहे: माहेरच्या आणि सासरच्या नावाचे पेपर एकत्र दाखवायचे आहेत

मुंबईत मेंदूविज्ञान संशोधनात आहे, विषय एनएमडीए रिसेप्टरचं (मेंदूच्या पेशींवरच्या एका प्रथिनाचं) औषधशास्त्र. सहयोगी प्राध्यापकपदासाठी अर्ज भरतेय. पीएचडीचे पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, मधलं आद्याक्षर वडिलांचं. नंतरचे सासरच्या आडनावाने, मधलं आद्याक्षर नवऱ्याचं. त्यामुळे स्कोपसवर (शोधनिबंधांच्या डेटाबेसवर) दोन प्रोफाइल आहेत: एच-इंडेक्स एकाचा ११ (म्हणजे प्रत्येकी किमान ११ सायटेशन, इतरांच्या पेपरांतले संदर्भ, मिळालेले ११ पेपर), दुसऱ्याचा ८.

बेरीज करून १९ होत नाही, हे माहीत आहे. सगळे पेपर एक्सेलमध्ये सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावले तर १४ येतो. गूगल स्कॉलर याहून जास्त दाखवतं, पण तिथे प्रबंध आणि प्रीप्रिंटमधले (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेल्या पेपरांमधले) संदर्भही धरतात, म्हणून तो आकडा देणार नाही. एका रिव्ह्यू पेपरला (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या) भरपूर सायटेशन आहेत. एकूण संख्या त्याने फुगते, एच-इंडेक्स मात्र जेमतेम एकाने हलतो.

ऑर्किडवर (संशोधकाला कायमचा ओळख क्रमांक देणाऱ्या साइटवर) दोन्ही नावं टाकून झालीत, सगळे पेपरही जोडलेत. प्रोफाइल एकत्र करण्याची विनंतीही केली आहे, पण अर्जाची मुदत गणपतीच्या आधीच संपतेय. फॉर्ममध्ये एच-इंडेक्सला एकच रकाना आणि शेजारी ‘पुरावा जोडा’. जुने पेपर काढून टाकणं जमणार नाही, रिसेप्टर बाइंडिंगचं मूळ काम त्यातच आहे. घरचे म्हणतात, फोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र करून टाक. (घरी प्रत्येक अडचणीवर हेच औषध!)

अशा छाननी समितीवर बसलेलं किंवा यातून गेलेलं कुणी आहे का? दोन्ही प्रोफाइलच्या प्रिंट आणि माझा १४चा तक्ता चालतो का? आणि नावबदलासाठी विवाह नोंदणीचा दाखला पुरतो, की राजपत्रातली नोंदच मागतात?