अकरावी-बारावीची केमिस्ट्री: आधी पाठांतर की आधी मेकॅनिझम?

इलेक्ट्रॉनचा बाण:
जो तो पोरांना एकच सांगतो, ऑरगॅनिक म्हणजे पाठांतर, रिअ‍ॅक्शन्सचा तक्ता भिंतीला लाव आणि रोज घोक. मला हे अजिबात पटत नाही, आधी मेकॅनिझम हवं, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाण काढून पायरीपायरीने समजून घेणं. प्रोपीनवर (तीन कार्बनची साखळी, त्यात एक दुहेरी बंध) एचबीआर घातलं की २-ब्रोमोप्रोपेन मिळतं, मार्कोव्हनिकॉव्हचा नियम (ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन, तिथेच नवा हायड्रोजन जातो), असं पोरगं धडाधड म्हणून दाखवतं आणि का विचारलं की गप्प. आता यात पाठ करण्यासारखं आहे काय? आधी हायड्रोजन जोडला जातो, मग धनभार एकतर मधल्या कार्बनवर येणार नाहीतर टोकाच्या, मधल्यावर आला तर दोन्ही बाजूचे मिथिल गट त्याला इलेक्ट्रॉन पुरवून सावरतात, म्हणून तोच जास्त तयार होतो आणि ब्रोमाइड तिथेच जाऊन बसतो. हे एकदा डोक्यात बसलं की एचसीएल घ्या, आम्लात पाणी घ्या, उत्तर आपलं आपल्याला काढता येतं. पेरॉक्साइड घातल्यावर उलटं का होतं तेही असंच सुटतं, तिथे आधी ब्रोमिनचा रॅडिकल (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेला अणू) जोडला जातो आणि तो टोकाला बसतो कारण मग उरलेला एकटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवर येतो. म्हणून माझं म्हणणं, मेकॅनिझम आधी, तक्ता नंतर.

पाठ असलेलं बरं:
ऐकायला छान आहे हो. पण पेरॉक्साइडचा हा प्रकार एचबीआरलाच चालतो, एचसीएल आणि एचआयला नाही, हे तुमच्या बाणांवरून कसं काढणार? त्याला बाँड एनर्जी, म्हणजे बंध तोडायला लागणारी ऊर्जा, बघावी लागते, एचसीएलचा बाँड जास्त मजबूत म्हणून एक पायरी अडते आणि आयोडिनचा रॅडिकल जोडायला जातो तिथे दुसरी. परीक्षेला बसलेलं पोरगं हे सगळं मांडत बसेल का? त्याने आधी वस्तुस्थिती पाठ करावी, कारण मागाहून कळलं तरी चालतं. आणि तुम्ही फक्त ऑरगॅनिकचं बोलताय. सिल्व्हर क्लोराइड पांढरा, ब्रोमाइड फिकट पिवळा, आयोडाइड पिवळा, पहिला पातळ अमोनियात विरघळतो, दुसरा कडक अमोनियात, तिसरा कुठल्याच अमोनियात नाही. याला कसलं मेकॅनिझम लावणार, पाठच करायचं.

इलेक्ट्रॉनचा बाण:
रंग पाठ करा, माझी हरकत नाही. पण विरघळण्याचा क्रम पाठ करायची काहीच गरज नाही! सोल्युबिलिटी प्रॉडक्ट (इथे आकडा जितका लहान तितकं कमी विरघळणारं) क्लोराइडचा साधारण १० चा उणे १० वा घात, ब्रोमाइडचा उणे १३, आयोडाइडचा उणे १७ च्या आसपास. अमोनिया सिल्व्हर आयनला कॉम्प्लेक्समध्ये ओढून घेतो, आता घन जितका घट्ट तितकी ती ओढ कमी पडणार. फिजिकलचा धडा आणि इनऑरगॅनिकचा धडा इथे एकमेकांना भेटतात, आणि आपण पोरांना ते दोन वेगळ्या वह्यांत लिहायला लावतो याचंच मला वाईट वाटतं.

पाठ असलेलं बरं:
मग ते घात कोण पाठ करणार :) आणि कारणं म्हणून जे शिकवतात ना, त्यातली अर्धी सुद्धा पाठच असतात. क्रोमियमची इलेक्ट्रॉन मांडणी ३डी५ ४एस१ का, तर हाफ-फिल्ड, म्हणजे अर्धं भरलेलं डी, स्टेबल असतं. बरं, मग त्याच ग्रुपमधलं टंगस्टन ५डी४ ६एस२ कसं? तिथे हाफ-फिल्ड कुठे गेलं? पोराला वाटतं आपल्याला कळलंय, खरं तर त्याने नियमाऐवजी कारण घोकलेलं असतं. त्यापेक्षा सरळ अपवाद म्हणून लक्षात ठेवलेलं जास्त प्रामाणिक.

इलेक्ट्रॉनचा बाण:
टंगस्टनचा मुद्दा एकदम बरोबर, हाफ-फिल्डचं कारण फार सढळ हाताने वापरलं जातं. पण म्हणून कारण विचारणंच सोडायचं? नायट्रोजनची आयनायझेशन एनर्जी (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) १४०२ आणि ऑक्सिजनची १३१४ किलोज्यूल प्रति मोल, पुढचं मूलद्रव्य असून कमी, हे ऑक्सिजनच्या एका पी ऑर्बिटलमध्ये दोन इलेक्ट्रॉन कोंबलेत हे बघितल्यावर नीट कळतं. कारण कुठवर चालतं तेही शिकवायला हवं, एवढंच.

ब्युरेटसमोर उभी:
तुम्ही दोघं कागदावरच भांडताय, प्रॅक्टिकलचं कोणी नावच काढत नाही. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं टायट्रेशन घ्या, म्हणजे ब्युरेटमधून एक द्रावण थेंबथेंब सोडून दुसऱ्याचं प्रमाण काढणं. पुस्तकात एक ओळ, द्रावण ६०-७० अंशांपर्यंत गरम करा. पाठ असलेला गरम करतो, समजून घेतलेला पण करतो, पण पहिला थेंब पडल्यावर गुलाबी रंग जाता जात नाही तेव्हा पाठवाला एंडपॉइंट (सगळं ऑक्झॅलिक संपल्याची खूण) आला म्हणून रीडिंग लिहून मोकळा होतो. थांबून फ्लास्क हलवत राहिलं की रंग जातो आणि पुढचे थेंब पटापट उडायला लागतात, कारण तयार झालेलं मँगनीज टू (प्लस दोन भाराचा आयन) स्वतःच रिअ‍ॅक्शनला वेग देतं. कॅटॅलिस्टच्या धड्यातली ऑटोकॅटॅलिसिस ती हीच, डोळ्यांसमोर. आम्ल म्हणून सल्फ्युरिकच का, एचसीएल का नाही, तर परमँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइज करेल आणि रीडिंग जास्त येईल. मेनिस्कसची (ब्युरेटमधल्या द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची) वरची कड वाचायची कारण एवढ्या गडद जांभळ्यात खालची दिसतच नाही. हे ज्याने हाताने केलं त्याला ना तक्ता लागतो ना बाण.

पाठ असलेलं बरं:
ताई, तुमचं उदाहरण आवडलं, खरंच. पण हातात तो फ्लास्क मिळायला हवा ना, बऱ्याच पोरांना निरीक्षणं नुसती उतरवून घ्यायला लावतात. आणि मँगनीजची ऑक्सिडेशन स्टेट प्लस सातवरून प्लस दोनवर येते हे पाठ नसेल तर पुढचं गणित सुटणारच नाही, एका परमँगनेटला पाच इलेक्ट्रॉन, एका ऑक्झॅलेटचे दोन, म्हणून दोन परमँगनेटला पाच ऑक्झॅलेट, दोनास पाच. माझ्याकडे येणारी पोरं तिथेच अडकतात, मेकॅनिझमपर्यंत पोचतच नाहीत.

ब्युरेटसमोर उभी:
दोनास पाच पाठ करून देऊ नका हो त्यांना, इलेक्ट्रॉन मोजायला लावा. ऑक्झॅलेटऐवजी आयर्न टू आलं की ते एकास पाच होतं, आणि दोनास पाच पाठ केलेला तिथेही दोनास पाचच लिहून येतो.